ओल्या दिवसांची माळ

तेवाता गावच्या बायकांना मूल केव्हा राहतं आणि केव्हा राहत नाही ते शिकवायची, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन तिला स्वतःला मूल नव्हतं. नोनोउस बेटावरच्या जिभांना याहून जास्त खाद्य लागत नाही. तिच्याकडून शिकून ज्यांनी दोन लेकरांत नीट अंतर ठेवलं, त्याच बायका तिची पाठ वळली की म्हणायच्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," आणि तोंडावर हात ठेवून हसायच्या. तेवाताला ते ऐकू जायचं. बेट एवढंसं, ऐकू न जाऊन सांगतं कुणाला!

ही विद्या तिला सिस्टर ब्रिजिडनं दिली. सिस्टर मेलबर्नची, उन्हानं नाक कायम सोललेलं. चर्चला गोळ्या मान्य नव्हत्या आणि बायकांना दरवर्षीचं बाळंतपण सोसत नव्हतं, तेव्हा दोन्हींच्या मधून निघालेली ही वाट. बाईनं आपल्याच अंगाकडे लक्ष द्यायचं. पाळी संपली की काही दिवस कोरडे जातात. मग ओल येते. आधी चिकट, पुढे अंड्यातल्या पांढऱ्यासारखी, दोन बोटांत धरली तर तार निघावी अशी. ते दिवस रुजण्याचे. ओल आटली की पुन्हा कोरडं, आणि यथावकाश पाळी. मूल नको असेल तर ओल्या दिवसांत नवऱ्याला दूरच्या मासेमारीला पिटाळायचं, हवं असेल तर घरी थांबवायचं. शास्त्र म्हणाल तर एवढंच.

सिस्टरनं छापील तक्ते आणले होते आणि त्यांवर लावायला रंगीत तिकिटं. आमच्या दमट हवेत तिकिटं तक्त्यांवर बसायच्या आधी एकमेकींनाच चिकटून बसली. मग सिस्टर आणि तेवाता दोघींनी डोकं चालवून काथ्याची दोरी घेतली. पाळीच्या दिवसाला लाल चिंधी, कोरड्या दिवसाला करवंटीचा काळा तुकडा, ओल्या दिवसाला पांढरा शिंपला. रोज संध्याकाळी एक बांधायचा.

"आणि हे लपवून ठेवायचं नाही," सिस्टरनं बजावलं. "मूल दोघांचं, तेव्हा माळही दोघांची. नवरा-बायकोच्या डोळ्यांसमोर टांगायची."

सिस्टरचं चुकलं असं कसं म्हणू? मेलबर्नच्या घरांना भिंती असतात. आमच्या घराला चार खांब, वर केवड्याच्या पानांचं छप्पर आणि जमिनीपासून थोडी उंच लाकडी बैठक. वारा आरपार जातो आणि नजरही. दोघांच्या डोळ्यांसमोर टांगलं ते गावाच्या डोळ्यांसमोर टांगलं. हे एकीच्याही डोक्यात आलं नाही, कारण लपवायचं कसं हे इथं कुणाला ठाऊकच नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणतात ते हे. पंधरवड्यात सगळं गाव माळा वाचायला शिकलं, पुरुषसुद्धा.

"बाउरो, आज नाव लोटू नकोस रे," किनाऱ्याकडे जाणारे ओरडायचे, "घरी शिंपला लागलाय!"

बाउरो म्हणजे तेवाताचा नवरा. मनानं मोकळा, अंगानं आडदांड. तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणायचा, "तुझ्या घरी लाल चिंधी लागलीय, म्हणून सकाळपासून समुद्राची एवढी ओढ का?"

हसणं व्हायचं. तेवाताही हसायची. माळेवर शिंपले लागायचे, मागून काळे तुकडे, आणि मग ठरल्या वेळी लाल चिंधी. ती बांधताना मात्र ती कुणाकडे बघायची नाही.

तिच्या शिकवणीला सगळ्यात आधी येऊन पुढं बसली ती कातोकिता, बाउरोची थोरली बहीण. बाउरोची आई गेली तेव्हा तो रांगत होता. कातोकितानंच त्याला भरवून, न्हाऊ घालून, प्रसंगी थोबाडून माणसात आणलं. तिलाही मूल नव्हतं. तिचा नवरा इओतेबा जर्मन जहाजांवर खलाशी. वर्ष-दीड वर्षानं सुट्टीवर यायचा, सगळ्यांना बनियनं वाटायचा आणि परत जायचा. कातोकिताची माळ गावात सगळ्यांत नेटकी. एकसारखे शिंपले, घासून चकचकीत केलेले. महिन्यामागून महिने ते तिच्या खांबाला लागत राहिले आणि नवरा कुठल्याशा थंड बंदरात दोरखंड ओढत राहिला. तो घरी असताना ओले दिवस आले तरी शेवटी चिंधीच लागायची.

"तेवाता, तुझं शास्त्र माझ्या अंगाला समजत नाही गं बाई," ती म्हणायची.

"थोडा धीर धरा, वन्सं."

"धीरच तर धरलाय. दुसरं धरायला नवरा जवळ असतो कुठं?"

होता होता कातोकिताची पाळीच गेली. तिनं माळ सोडली आणि मासे भाजायच्या विस्तवात टाकली. करवंट्या चांगल्या जळतात. त्यानंतर ती रोज संध्याकाळी तेवाताकडे येऊन बसू लागली. चार गोष्टी बोलायची, गप्प बसायची, बोलता बोलता खांबाकडे बघायची. तेवाताला वाटायचं, बिचारी एकटी आहे, सोबतीला येते. वाईट वाटायचं तिला कातोकिताचं, अगदी मनापासून. आपल्याच वाटेवर पुढं गेलेली बाई दिसत होती ना तिच्यात.

आणि तेवाता चाळिशीला टेकली त्या वर्षी शिंपल्यांमागून काळे तुकडे लागत गेले, चिंधीचा दिवस आला, गेला, तरी चिंधी लागली नाही.

तिला कळलं. तिला नाही कळणार तर कुणाला? पण ती बोलली नाही, बाउरोजवळसुद्धा नाही. इतक्या वर्षांनी आलेली गोष्ट मोठ्यानं बोललं तर बुजून पळून जाईल असं तिला वाटत होतं. दिवसभर तोंड मिटून राहायची आणि संध्याकाळ झाली की इमानेइतबारे काळा तुकडा बांधायची. "नवऱ्याशी खोटं बोला, फादरशी बोला, पण माळेशी खोटं बोलू नका," हे तिनंच प्रत्येकीला शिकवलं होतं. एक लाल चिंधी खोटी बांधली असती तर सगळं निभावलं असतं. तेव्हा हे तिच्या मनाला शिवलंही नाही. पुढं मात्र रोज शिवायचं, आणि दर वेळी तिला स्वतःच्या त्या खरेपणाची चीड यायची.

एका संध्याकाळी कातोकिता आली ती काखेत नवी कोरी चटई आणि हातात उकडलेल्या बाबाईचा मोठा कंद घेऊन. रोजच्या जागी बसली नाही. बैठकीच्या कडेला, पाहुण्यानं बसावं तशी पाय दुमडून बसली.

"बाउरो, तेवाता," ती म्हणाली, "आज मी मागायला आले आहे."

आमच्याकडे नात्यातल्या माणसानं असं मागितलं की त्याला बुबुसी म्हणतात. नाव मागेल, सायकल मागेल, चुलीवरचं भांडं मागेल, द्यायचं. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणणाऱ्याचं नाव मनेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, नातवंडांपर्यंत खालच्या आवाजात घेतलं जातं. आणि ही काही लूट नव्हे. उद्या तुम्हीही मागू शकता. मुलंसुद्धा मागतात. जन्मले एका घरात आणि वाढले दुसऱ्या घरात असे लोक गावात कितीतरी, आणि दोन्ही घरं त्यांची. तेवाताला ही रीत चांगलीच वाटायची, दुसऱ्यांची मुलं मागितली जात होती तोवर.

"काय हवंय अक्का? नाव?" बाउरो हसत म्हणाला. "घेऊन जा की. भोक आहे, तेही घेऊन जा."

"नाव नको. तेवाताच्या पोटात आहे ते हवंय."

बाउरोचे हात जाळ्यात अडकले तसेच राहिले. त्यानं बायकोकडे पाहिलं. "पोटात? तेवाता, खरंच? अगं, बोलली नाहीस ती!" त्याचं तोंड लहान पोरासारखं उघडं पडलं, डोळे भरले. तेवढा वेळ तो बाप झाला होता. मग बहिणीचं बोलणं दुसऱ्यांदा त्याच्या कानात पोचलं, आणि ते पोचताना तेवातानं पाहिलं.

कातोकितानं हात लांबवून माळेवर बोट फिरवलं. "हे शिंपले. त्यामागून हे काळे, काळे, काळे, अजून काळे. चिंधी कुठाय? तूच शिकवलंस ना मला? दुसरं कुणी मागायच्या आत मी मागितलंय. पहिलं मागणं माझं."

"अक्का, पण हे आमचं पहिलंच..." बाउरो म्हणाला.

"तुला मी कसा वाढवला ते तुझ्या तोंडानं सांग, आणि मग नाही म्हण."

बाउरोनं मान खाली घातली. "दिलं," तो म्हणाला.

आईनंही म्हणावं लागतं. कातोकिता तिच्याकडे सरकली. "माझ्याकडे बघ, तेवाता. माझी माळ तू वर्षानुवर्षं पाहिलीस. माझं काय झालं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तेवाताला तिचा गळा धरावासा वाटला. कातोकिता दुष्ट असती तर किती सोपं झालं असतं!

"दिलं," तेवाता म्हणाली. कातोकितानं बाबाईचा कंद फोडून तिघांना वाटला, आणि तिघांनी तो खाल्ला.

मुलगी झाली. कातोकितानं तिचं नाव आनेता ठेवलं. तेवाताच्या मनात दुसरं एक नाव होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे मलाही ते ठाऊक नाही.

रीत अशी की मागितलेलं मूल अंगावर पितं तोवर आईजवळ राहतं. दूध सुटलं की मागणाऱ्याच्या घरी जातं. त्यामुळे बायकांना तेवाताची काळजी वाटायचं कारणच नव्हतं. "लवकर तोड तिला," त्या सांगायच्या, "तोड, देऊन टाक आणि लगेच दुसरं होऊ दे. तुझं वय काय बसून राहणार आहे? आता कातोकिताला मिळालं, दुसरं कोण मागतंय! आणि बाई, तुला काय शिकवायचं? तू तर मास्तरीण."

मास्तरणीला ठाऊक होतंच. चर्चमागच्या पडवीत आनेताला अंगावर घेऊन तिनं स्वतःच बायकांना तो धडा दिला होता. पोर रात्रंदिवस अंगावर असतं तोवर ओल परतत नाही. दुसरं काही खायला लागलं, चोखणं कमी झालं, की दिवस परत येतात.

"म्हणजे पोरीला लग्नापर्यंत पाजलं तर आपण सुटलो!" एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. तेवाता हसली नाही. आनेताचं डोकं तिनं छातीशी नीट केलं आणि धडा पुढे चालू ठेवला.

आनेता चालायला लागली, केवड्याचं फळ दातांनी सोलून चोखायला लागली. आईकडे तिचं येणं कमी झालं. आणि एका सकाळी विहिरीवर अंघोळ करताना तेवाताला ओल लागली. तिनं दोन बोटांत धरून पाहिलं. तार निघाली.

ती विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली. बाउरो घरीच होता, जाळं विणत होता. आज त्याला नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी पुरे होतं. जे यायचं ते त्यांचं असणार होतं, त्यांच्याच छपराखाली वाढणार होतं. चाळिशी ओलांडलेलं अंग असं किती वेळा बोलावतं, हेही ती इतर बायकांना सांगत आली होती. पण दुसरीही एक गोष्ट तिला ठाऊक होती. पोटुशीचं दूध पोराला बाधतं असं आमच्याकडे मानतात. दिवस गेल्याचं दिसलं की त्याच आठवड्यात आनेताचं दूध तोडायला लावतील, आणि तोडलं की ती कातोकिताची.

तेवाता घरी आली. आनेताच्या हातातलं केवड्याचं फळ काढून घेतलं आणि तिला अंगाशी धरलं. दिवसभर पाजलं, रात्रभर पाजलं, पुढचे कितीतरी दिवस पाजलं. पोर वैतागून तोंड सोडवून घ्यायची, ही पुन्हा लावायची. ओल आटली. त्या पहिल्या संध्याकाळी शिंपला बांधायचा होता. तिनं काळा तुकडा बांधला. जन्मात माळेशी खोटं बोलली ती पहिल्यांदा तेव्हा. असं नंतरही झालं, आणि दर वेळी तिनं तेच केलं.

आनेता धावायला लागली, खेकड्यांना दगड मारायला लागली, शिव्या शिकली. अजून अंगावर प्यायची.

"तेवाता, काय हे?" एक दिवस कातोकिता म्हणाली. "चर्चमध्ये प्रार्थना म्हणते पोरगी, आणि बाहेर येऊन तुझा ब्लाउज ओढते. लोक मला हसतात. म्हणतात, कातोकिताच्या हाती पोर येईल ती लग्नाची होऊनच."

"पिते तोवर माझ्याजवळ. रीत तशीच आहे ना, वन्सं?"

"रीत तशीच आहे," कातोकिता म्हणाली. तिनं हिसका मारून नेलं नाही की मनेआबात गाऱ्हाणंही नेलं नाही. आपल्या मागण्यावर ती इमानानं बसून होती. फक्त रोज नीरेची काकवी आटवायची, नारळाच्या किसात कालवायची आणि पोरीला हाक मारायची. एवढं करायला कुणाची मनाई होती?

आणि एका दुपारी आनेता तिकडून ओठ चिकट करून आली. तेवातानं बटणं सोडली, तिला मांडीवर ओढलं. पोरीनं एकदा तोंड लावलं आणि बाजूला केलं.

"नको," ती म्हणाली. "हे गोड नाही."

तेवातानं पुन्हा जवळ घेतलं. आनेतानं दोन्ही हातांनी तिला ढकललं, मांडीवरून उतरली आणि पळत कातोकिताकडे गेली. शेजारपाजारच्या बायकांनी पाहिलं. दूध सुटलं ही बातमी ओरडून सांगायची वेळच आली नाही.

देण्याच्या दिवशी भात, डबाबंद मांस, बाबाई, सगळं झालं. गाणी झाली. आनेता आपली उशी आपणच काखेत घेऊन नव्या घरी गेली, मागं वळून न पाहता, कारण मागं वळून पाहण्यासारखं तिला काही वाटलंच नसेल. नवं घर चार माडांपलीकडे. भिंती नाहीत. पोर तिथं झोपते, उठते, चड्डी उलटी घालते, हे तेवाताला आपल्या बैठकीवरून दिसायचं. पोर तिला तेवाता म्हणायची, सगळे म्हणतात तशी.

बाउरोनं स्वतः काथ्या वळून नवी दोरी केली. "आता आपलं," तो म्हणाला. रोज संध्याकाळी दिव्याला तेल घालावं तशी तेवाता त्या दोरीला एक काळा तुकडा बांधायची. दोरी भरत चालली. बाउरो मासेमारीहून आला की आधी माळेकडे बघायचा, मग बायकोकडे. विचारायचं धाडस त्यानं बरेच महिने केलं नाही.

"शिंपला का लागत नाही गं?" शेवटी एका संध्याकाळी त्यानं विचारलं. "दूध तर केव्हाच सुटलंय."

"संपले शिंपले. आता नाही यायचे."

"असे कसे संपले? मध्ये एकदाही आले नाहीत आणि एकदम संपले?"

"आले होते. पोर पीत होती तेव्हा आले होते. मी बांधले नाहीत."

बाउरो हातातली माशांची जुडी खाली ठेवायला विसरला. "तुला कळत होतं?"

"सगळ्या बेटाला शिकवते मी. मला नाही कळणार?"

"अगं, ते आपलं असतं! आपल्या घरात असतं, कुणाला द्यावं लागलं नसतं. सगळं कळत असून आलेले दिवस मातीत घातलेस? कशासाठी? एक दिवस ती जाणार हे ठरलेलंच होतं ना?"

"पोटुशी राहिले असते तर तेव्हाच गेली असती. तेवढे महिने जास्त मिळाले मला."

"आणि मला?"

पलीकडे कातोकिता आनेताचे केस विंचरत होती आणि पोरगी किंचाळून हसत होती. तेवाता तिकडे बघत राहिली.

"तुझ्या बहिणीनं मूल मागितलं," ती म्हणाली. "तू दिलंस, मी दिलं. दूध मागितलं नव्हतं तिनं."